हातमोज्याचं व्रत

आधीच सांगून ठेवते, मी कुणाचं ऐकून घेणारी बाई नाही. आणि मांड्यांच्या बाबतीत तर मुळीच नाही. आमच्या जसोंडी गावात कुणालाही विचारा, आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मांडे कोण करतं? रंभाबाई. दुसरं नावच येणार नाही. आलं तर ज्याच्या तोंडून आलं त्याला माझ्याकडे पाठवा.

ज्यांनी मांडा पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते, बाकीच्यांनी पुढे चला. सैल कणकेत पुरण भरायचं. पोळपाट नाही, लाटणं नाही. तो गोळा या मनगटावरून त्या मनगटावर झेलत झेलत वाढवायचा. उपरण्याएवढा रुंद झाला, आरपार ऊन दिसायला लागलं, की चुलीवर पालथ्या घातलेल्या खापरावर अलगद टाकायचा. माझ्या सासूने मला हे दोन वर्षं मार खात शिकवलं आणि जाताना आपलं खापर माझ्या स्वाधीन केलं. एका हाताचं हे कामच नाही. दोन हात पाहिजेत, आणि दोन्ही शहाणे पाहिजेत.

आता माझं काय झालं, तर दिवाळीनंतर देवउठणी एकादशीला सकाळी केस विंचरत होते, डाव्या हातातून फणी पडली. उचलली, परत पडली. मी हाताला एक शिवी दिली. दुसरी द्यायला गेले तर ती तोंडातून नीट निघेना. तेव्हा आमच्या ह्यांना, म्हणजे यादवरावांना, समजलं की मामला सीरियस आहे. एरवी माझी शिवी कधी अडकलेली त्यांनी ऐकली नव्हती. गाडी काढून तडक बुऱ्हाणपूरला दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले लकवा आहे, वेळेत आणलंत.

बोलणं आठ दिवसांत परत आलं. घरच्यांच्या नशिबी तेवढीच शांतता होती. पाय दोन महिन्यांत सुधारला. डावा हात मात्र पाहुण्यासारखा मांडीवर बसून राहिला. बोटं जराशी हलायची, पण धरायचं म्हणाल तर काही नाही. आणि त्याला काही कळायचंही नाही, ना गार ना गरम. पौषात एकदा चुलीजवळ बसले होते, करपल्याचा वास आला. मी म्हटलं, "सुमित्रा, तुझी भाकरी करपली." भाकरी नव्हती करपली. माझी दोन बोटं होती.

सुमित्रा म्हणजे माझी धाकटी जाऊ. आमची घरं दोन, पण अंगण एक आणि अंगणातली चूल एक. तिने बोटांना मलम लावलं, पट्टी बांधली, आणि त्या दिवसापासून मला चुलीजवळ पाऊल टाकू दिलं नाही. वरून होळीच्या आधी येऊन काय म्हणते, "जाऊबाई, या वर्षी मांडे मी करते. खापर माझ्याकडे ठेवते. तुम्ही खाटेवर बसून सांगा फक्त."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. सुमित्राचे मांडे मी खाल्लेत. त्याला मांडा म्हणत नाहीत, त्याला गोधडी म्हणतात. मी म्हटलं, "खापर सासूने मला दिलंय. आखाजीला एक मांडा, एकच, मी माझ्या दोन्ही हातांनी अख्खा खापरावर टाकला तर ते माझ्याकडे राहील. नाही टाकला तर घेऊन जा, आणि वर माझी परातही ने."

"कबूल," ती म्हणाली. हसलीसुद्धा नाही. तिच्या त्या न हसण्याचा मला फार राग आला.

बोलून तर बसले. पण हात कुठून आणू? बुऱ्हाणपूरच्या लालबागेत फिजिओथेरपीचा एक दवाखाना आहे, तिथे आठवड्यातून दोनदा जात होते. आमच्या मागच्या गल्लीतल्या मालूबाई आणि मी एकाच रिक्षात. त्यांचा उजवा हात गेलेला, माझा डावा. घरी आम्ही शेजारी शेजारी बसून वाल सोलायचो, माझा उजवा आणि त्यांचा डावा. दोघी मिळून एक धडधाकट बाई व्हायची.

त्या दवाखान्यात चैत्रात तृप्ती नावाची एक मॅडम आली. मॅडम कसली, माझ्या लेकीहून, सुलभाहून लहान. लकव्यानंतर हात परत कसा येतो यावर तिचा अभ्यास चालू होता, मोठ्या डिग्रीसाठी. तिने आम्हा दहा-बारा जणांना बसवून सगळं समजावलं. म्हणाली, "दोन गट राहतील. एका गटाला नेहमीचा व्यायाम, दुसऱ्या गटाला व्यायाम आणि सोबत हा मोजा. कोण कुठे, ते मी ठरवणार नाही. बंद पाकिटातून चिठ्ठी निघेल. आवडलं नाही तर कधीही सोडू शकता."

माझ्या पाकिटातून मोजा निघाला. मालूबाईंच्या पाकिटातून नुसता व्यायाम. परतताना रिक्षात त्या माझ्याच मोज्याकडे बघत होत्या.

मोजा म्हणजे जाड, निळा, कापूस भरलेला, बोटं नसलेला. मला वाटलं डाव्या हाताचा असेल. तृप्तीने तो माझ्या उजव्या हातात चढवला आणि मनगटावर पट्टी आवळली. मी म्हटलं, "पोरी, चुकलीस. आजारी तो आहे."

"नाही काकू, यालाच घालायचा आहे. देखो, तुमचा हा उजवा सगळं काम करून टाकतो. डावा आळशी नाहीये, उसको मौका ही नहीं मिलता. उजव्याला थोडं कोंडून ठेवलं ना, मग डोकं डाव्याला कामाला लावतं. रोज सहा तास, एकवीस दिवस. चुलीजवळ, पाण्याजवळ आणि जिन्यावर काढून ठेवायचा."

मी उजव्याकडे पाहिलं. खरंच की, मेला पहिल्यापासून पुढे पुढे करणारा.

मग परीक्षा झाली. एका खोक्यात मध्ये फळी, एका बाजूचे लाकडी ठोकळे उचलून दुसऱ्या बाजूला टाकायचे, मिनिटभर. डाव्याने एकही उचलला नाही. मग डोळे मिटायचे, मी कोणत्या बोटाला हात लावला सांगा. ते मी पटापट सांगत होते. चार बरोबर आल्यावर तृप्ती थांबली आणि तिने हातातल्या बांगड्या काढून ठेवल्या, मग पुन्हा पहिल्यापासून विचारलं. बांगड्यांचा आवाज गेला, माझी विद्याही गेली.

"किती मिळाले?" मी विचारलं.

"दहापैकी शून्य, काकू. पण हे मार्क नाहीत, फक्त नोंद आहे."

नोंद काय आणि मार्क काय. मी चौथीपर्यंत शिकले, गणितातसुद्धा शून्य कधी आणलं नव्हतं. त्या रात्री जेवण गेलं नाही.

आता माझी चूक म्हणा की शहाणपण, ते इथून पुढे आहे. घरी येऊन दिवस मोजले. रामनवमी होऊन चौथा दिवस, तिथून एकविसावा दिवस बरोबर आखाजीचा. एकवीस दिवस, नियम, पथ्य, आणि शेवटी सण. आमच्याकडे याला अभ्यास म्हणत नाहीत, व्रत म्हणतात. मी सकाळी आंघोळ करून देवापुढे बसले, डाव्या हाताच्या पंजावर उजव्याने पाणी सोडलं, संकल्प केला, मोज्याला हळद-कुंकू लावलं आणि ह्यांच्याकडून चढवून घेतला. मॅडम सहा तास म्हणाली होती. पण सहा तासांचं व्रत कधी कुणी ऐकलंय? मी उठल्यापासून झोपेपर्यंत ठेवला. आंघोळ आणि परसदार सोडून.

मग जी मजा सुरू झाली. डाव्याने चहा घ्यायला गेले तर कप नाकात. डाव्याने कुंकू लावलं तर ते कानावर. केळीच्या बागेतली बाई मी, घरात फण्यांचा ढीग, आणि मला एक केळं सोलता येईना. धरलं की निसटायचं, दाबलं की फुटायचं.

तृप्तीने एक वही दिली होती, डाव्या हाताने रोज काय केलं ते लिहायला. मी कशी लिहिणार, म्हणून ती यादवरावांकडे आली. आमचे हे बोलायला कमी, पण लिहायला बसले की एक गोष्ट सोडत नाहीत. "दिवस तिसरा. चहा घेतला. अर्धा पदराने प्याला." "दिवस पाचवा. दाराची कडी काढली. कडी हातात आली." "दिवस सातवा. माझ्या पाठीवर थाप मारली. थाप बरी लागली. सुधारणा आहे." नवव्या दिवशी मी अख्खं केळं सोललं. त्याचा लगदा झाला होता, पण साल वेगळं आणि केळं वेगळं, हे कुणी नाकारू शकत नव्हतं. तो लगदा मी ह्यांना प्रसाद म्हणून खायला लावला. वहीत लिहिलंय, "चव ठीक."

गावात बातमी फुटायला किती वेळ लागतो. बाया यायला लागल्या. रंभाबाईने हे कोणतं नवीन व्रत धरलं? मी म्हटलं, हातमोज्याचं. येताना कुणी फुलं आणली, कुणी खडीसाखर. एकीने मोज्याला नमस्कार केला. मग मागणी आली की व्रत आहे तर कहाणी पाहिजे. घ्या कहाणी. मी तिथल्या तिथे रचली. एका बाईला दोन हात होते, उजवा आवडता आणि डावा नावडता. आवडत्याला सोन्याच्या बांगड्या, नावडत्याला खरकटी भांडी. एक दिवस नावडता रुसला, निजून राहिला. ऊठ म्हणता उठेना. मग एक वैदीण आली, तिने आवडत्यालाच कोठडीत घातलं. घरात ना पाणी ना भाकरी. शेवटी नावडता उठला, म्हणाला, आता मलाच बघायला पाहिजे. बाया मन लावून ऐकत होत्या. दोघींनी डोळे पुसले.

मालूबाईंनी पुसले नाहीत. सगळ्या गेल्यावर त्या मागे राहिल्या आणि म्हणाल्या, "रंभा, मलाही हे व्रत दे."

आता व्रत मागायला आलेल्या बाईला नाही म्हणायचं नसतं. हे मला माझ्या आईने सांगितलंय, तिला तिच्या आईने. गट, चिठ्ठी, पाकीट, माझ्या डोक्यात यातलं काहीही आलं नाही, देवाशपथ. मोजा शिवायचा प्रश्न होता. तो सुमित्राने शिवला, जुन्या गोधडीचा तुकडा कापून, एका दुपारीत. माझ्या मोज्याचं माप घ्यायला आली तेव्हा तिने माझं डावं मनगट धरून बोटांवरचे ते जुने डाग बघितले आणि उठून गेली. मी मनात म्हटलं, खापराची वाट बघतेय.

मालूबाईंनी दुसऱ्या दिवसापासून डाव्या हाताला गोधडीचा मोजा चढवला. आम्ही दोघी वाल सोलायला बसलो, माझा डावा आणि त्यांचा उजवा. दोन्ही नालायक. तासाभरात सात शेंगा झाल्या आणि हसून हसून आम्हा दोघींची पोटं दुखली. दवाखान्यात जाताना मात्र त्या रिक्षातच मोजा काढून पिशवीत घालायच्या. व्रताचा गाजावाजा करू नये म्हणून.

आखाजी आली. सुलभा माहेरी आलेली, लिंबाला झोका बांधलेला, आंब्याचा रस काढून ठेवलेला. शेवटची परीक्षा घ्यायला तृप्ती येणार होती. मीच तिला सांगितलं होतं, दुसऱ्या दिवशी कशाला, सणाला ये आणि जेवून जा. ती आपलं खोकं घेऊन अंगणात आली आणि समोर झोक्यावर मालूबाई बसलेल्या. डाव्या हाताला मोजा, उजव्या हाताने झोक्याची दोरी घट्ट धरलेली.

तृप्ती खोक्यावरच बसली.

"काकू, यांना मोजा कुणी दिला?"

"मी. व्रत मागितलं त्यांनी."

"पण मालूकाकू दुसऱ्या गटात आहेत. त्यांना द्यायचाच नव्हता."

"का बाई? बरं होऊ नये म्हणून?"

"अहो नाही. मोजा घालणारे आणि न घालणारे, दोघांत काय फरक पडतो ते कळावं म्हणून."

"मग मला विचारायचं. मी फरक सांगितला असता."

तिने तोंड दोन्ही हातांनी झाकलं. मला वाटलं रडतेय. मी घाबरले, लेकराची डिग्री गेली की काय माझ्यामुळे. जवळ जाऊन पाहते तर हसत होती, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. म्हणाली, "मालूकाकूंचे आकडे वेगळे काढावे लागतील. आणि का काढले, ते मला सरांसाठी लिहावं लागेल. सहभागी महिलेने व्रत मागितले. मी हे कसं लिहू, बताओ?"

"शुद्ध मराठीत लिही," यादवराव म्हणाले. लिहिण्याच्या बाबतीत ते गंमत करत नाहीत.

परीक्षा नंतर, आधी मांडे. खापर तापलं होतं. ह्यांनी माझ्या उजव्या हातातला मोजा काढला. एकवीस दिवसांनी पहिल्यांदाच तो भर दुपारी उघडा झाला, पांढरा पडलेला, घामेजलेला. सुमित्रा चुलीच्या पलीकडे उभी राहिली. बाजूला तिने पाण्याची बादली भरून ठेवली होती. मी म्हटलं बघा, माझा मांडा पडायच्या आधीच चूल विझवायची तयारी.

तीन गोळे केले. पहिला घेतला आणि मनगटावर टाकला. सगळे डाव्याकडे बघत होते, मीसुद्धा. डाव्याने बिचाऱ्याने झेलला, सावकाश, आणि परत दिला. तेवढ्यात उजव्याला काय घाई झाली कोण जाणे, इतके दिवस कोंडलेला तो, त्याने असा हिसका मारला की मांडा मधोमध फाटला. घोटाळा करणारा उजवा. मी त्याला नाव घेऊन शिवी दिली. ती अगदी स्पष्ट निघाली.

दुसरा गोळा चांगला वाढला, ताटाएवढा झाला, परातीएवढा झाला, आणि मग हवेतून जो गेला तो यादवरावांच्या खांद्यावर. ते हलले नाहीत. वहीत लिहीत होते.

तिसरा. झोका थांबला. उजव्याला म्हटलं, तू गप्प राहा. डाव्याला म्हटलं, बाबा, आता तूच. डाव्यावर घेतला, उजव्यावर दिला, डाव्यावर, उजव्यावर. कडा सुटत गेल्या. आरपार ऊन दिसलं. मी खापरावर वाकले आणि हात सोडले.

अख्खा पडला. फक्त एक कड दुमडली होती. मी विचार केलाच नाही, डावा हात आपला आपण पुढे गेला ती कड सरळ करायला, आणि खापराला टेकला.

"आई गं, भाजलं!"

मी हात मागे ओढला. सुमित्रा चूल ओलांडून कशी आली मला माहीत नाही, पण माझा हात बादलीत होता आणि ती मनगट धरून बसली होती.

"जाऊबाई," ती म्हणाली, "कोणता भाजला?"

"डावा. दिसत नाही का? केवढी आग होतेय."

मग तिचा चेहरा असा वेडावाकडा झाला आणि ती ओक्साबोक्शी रडायला लागली. "त्या दिवशी वास येईपर्यंत तुम्हाला कळलं नव्हतं हो," ती म्हणाली. "बोटं निखाऱ्यावर आणि तुम्ही माझ्याशी हसून बोलत होतात. मला अजून स्वप्नात दिसतं. मला नको होतं तुमचं खापर. मला तुम्ही चुलीपासून लांब पाहिजे होतात."

मग मला कळलं. डावा भाजला होता आणि तो दुखत होता. सहा महिने ज्याला काही कळत नव्हतं तो हात बादलीत ठणकत होता, पाचही बोटं वेगवेगळी ठणकत होती, आणि मी सांगू शकत होते कोणतं जास्त. मी सुमित्राला जवळ ओढलं. रडत होते की हसत होते ते यादवरावांच्या वहीत बघावं लागेल.

तेवढ्यात करपल्याचा वास आला. सगळ्यांनी दचकून माझ्या बोटांकडे पाहिलं.

"बोटं नाहीत," मालूबाई झोक्यावरून म्हणाल्या, "मांडा आहे."

मांडा खरंच कोळसा झाला होता. सुमित्राने पदराने नाक पुसलं, तो खापरावरून सोडवला आणि उंच धरून सगळ्यांना दाखवला. "करपला, पण अख्खा आहे," ती म्हणाली. "खापर जाऊबाईंचं." मी म्हटलं खापर जिथे आहे तिथेच राहील, चूल एकच आहे, आणि उद्यापासून तू माझ्याजवळ बसून मांडे शिक, तुझ्या त्या गोधड्या आता पुरे झाल्या.

तृप्ती माझ्यापुढे उकिडवी बसली. हातात फॉर्म आणि पेन.

"काकू, हे मला विचारावंच लागतं. किती दुखतंय? शून्य म्हणजे अजिबात नाही, दहा म्हणजे सहन होत नाही."

खरं सांगायचं तर सहा, फार तर सात. पण शून्य मी एकदा घेऊन बसले होते.

"दहा लिही," मी म्हटलं. "दहापैकी दहा. आणि मला वाचून दाखव."

तिने लिहिलं, आणि वाचून दाखवलं.